डिकीतलं पाणी

(दहावी १९८८ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यातलं मनोगत. बोललो तसंच स्मरणिकेसाठी उतरवून दिलं आहे.)

 

सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख ‘आपल्या बॅचचे यशस्वी उद्योजक’ अशी करून दिली. वाडीभोकर रोडच्या एका गल्लीत माझं पत्र्याच्या शेडचं गॅरेज आहे. दोन पोरं हाताखाली आहेत. यालाच उद्योजक म्हणत असतील तर माझी हरकत नाही. माझ्या आधी आपले डॉक्टर मित्र बोलले, इंजिनिअर मैत्रीण बोलली, मंत्रालयातले साहेब बोलले. मला निरोप आला होता, ‘दहा मिनिटं बोल, विषय तुझा तू ठरव.’ मला येतं ते एकच. म्हणून मी आज जुन्या गाडीच्या डिकीत पावसाचं पाणी का येतं आणि ते कसं बंद करायचं, यावर बोलणार आहे.

हसा, हसा. पण बाहेर मैदानात उभ्या असलेल्या तुमच्या गाड्या मी येताना बघितल्या आहेत. चार-पाच जणांच्या डिकीची रबर संपलेली आहे. नावं घेत नाही.

गाडीच्या आधी शाळेची एक गोष्ट सांगतो. नववीत आपल्याला शास्त्राची प्रयोगवही होती. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, असे चार रकाने. मी साहित्य स्वतः लिहायचो, आकृती बरी काढायचो, आणि ‘निरीक्षण’ शेजारच्या बाकावरून उतरवायचो. तो शेजारचा आज पुण्यात प्राध्यापक आहे आणि तिकडे तिसऱ्या रांगेत तोंड लपवून बसला आहे. एकदा सरांनी माझी वही उघडून विचारलं, “हे तू पाहिलंस की उतरवलंस?” मी म्हणालो, “पाहिलं सर.” सरांनी वही बंद करून परत दिली. मारलं नाही, काही बोललेही नाहीत. प्रयोग मात्र मी त्या दिवशी केलाच नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

आता गाडी. सरांकडे पांढरी मारुती झेन आहे, १९९९ सालची. झेन १९९३ मध्ये आली, ९९३ सीसीचं इंजिन आणि गोल घाटाचा बांधा. हीच गाडी युरोपातही सुझुकी अल्टो या नावाने विकली जायची. देवपुरात ती ज्यांच्याकडे आली, त्यांच्या दारापुढे लोक संध्याकाळी उगाच चक्कर मारायचे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. सरांनी ते वेळच्या वेळी केलेलं आहे. गाडी चालवायची जपून, धुवायची स्वतः. त्यामुळे पुढे जे सांगतो त्यात गाडी बनवणाऱ्याचा काही दोष नाही. २३ वर्षांत माणसाचे गुडघे जातात, गाडीची रबर गेली तर नवल काय?

२०२२ च्या जुलैमध्ये सर पहिल्यांदा आले. म्हणाले, “अरे, डिकीत पाणी येतंय. स्टेपनीच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी साचतं.” मी डिकी उघडली. डावीकडे कार्पेट ओलं, डाव्या टेल लॅम्पच्या खाली पाण्याचा डाग. मी म्हणालो, “लॅम्पचं पॅकिंग गेलं सर.” पॅकिंग बदललं, आणि जोडीला काचेच्या कडेने, लॅम्पच्या कडेने, जिथे जिथे फट दिसली तिथे सिलिकॉनची नळी फिरवली. पाऊण तासात गाडी दिली.

आठ दिवसांत सर परत. पाणी तेवढंच. आता मी म्हणालो, “मग रबरच बदलावी लागेल.” डिकीच्या चौकटीला गोल फिरवलेली जी रबर असते, जिला आम्ही बीडिंग म्हणतो, ती नवीन आणली. बसवताना बोटभर लांब भरली, म्हणून कापली. जोड वर, उजव्या कोपऱ्याजवळ आला. दिसायला गाडी एकदम छान. सरांनी विचारलं, “पाणी मारून पाहिलंस का?”

मी म्हणालो, “पाहिलं सर.”

मित्रांनो, मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, तीन गाड्या खोळंबल्या होत्या, आणि नवीन रबर म्हणजे काम झालंच असं मी धरून चाललो होतो. दोन्ही वेळचे पैसेही घेतले. आज माईकवर हे सांगतोय, कारण सरांना मी हे समोरासमोर कधीच सांगितलं नाही.

तिसऱ्यांदा सर आले ते श्रावणात, आणि बरोबर काकू होत्या. काकूंना त्या वर्षी दर महिन्याला तपासणीसाठी नाशिकला न्यावं लागत होतं. सर गाडीतून उतरले, हातात खडूची डबी. मला वाटलं, आता ओरडणार. ते म्हणाले, “दुपारी वेळ आहे का तुला? आपण दोघं मिळून बघू.” मी काकूंना खुर्ची दिली, चहा सांगितला. चहा पिता पिता काकू सहज बोलून गेल्या, “पाण्याचं एक वेळ जाऊ दे रे बाबा. पण मालेगाव ओलांडलं की माझं डोकं धरतं, मळमळतं. गाडीत कुबट वास असतो, म्हणून मी पुढची काच थोडी खाली घेते. तर जास्तच होतं.”

हे ऐकल्यावर सरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी डिकीकडे. काच उघडल्यावर बरं वाटायला हवं. जास्त त्रास का व्हावा?

सरांनी गॅरेजच्या फरशीवर खडूने गाडी काढली आणि मला नववीतला विद्यार्थी करून समजावलं. गाडी पळते तेव्हा हवा कापत पुढे जाते आणि तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. हॅचबॅकची मागची बाजू उभी कापल्यासारखी असते, त्यामुळे तिथे हवा भोवऱ्यासारखी घोळत राहते. सायलेन्सरचं तोंडही तिथेच. म्हणजे धूर त्या भोवऱ्यात फिरत राहतो. पुढची काच थोडी उघडी असली की गाडीतली हवा बाहेर ओढली जाते, आणि तिची जागा घ्यायला मागच्या फटीतून हवा आत येते. धुरासकट. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळणं, गरगरणं ही त्याची पहिली लक्षणं. आपले डॉक्टर मित्र मान डोलावतायत, म्हणजे बरोबर सांगतोय.

तोवर डिकीतलं पाणी म्हणजे माझ्या लेखी चारशे रुपयांचं काम होतं. पाणी जिथून येतं तिथून धूरही येऊ शकतो, हे मला तीस वर्षं पाने फिरवूनही सुचलं नव्हतं.

मग आम्ही दुपारभर जे केलं, ते नीट सांगतो. तुम्हाला घरीही करता येईल.

पहिलं काम, डिकी पूर्ण रिकामी करायची. स्टेपनी, जॅक, कार्पेट, कार्पेटखालचा नमदा, सगळं बाहेर. नमदा वरून सुका वाटतो, पण पिळला की पाणी गळतं. आतला पत्रा फडक्याने कोरडा केला. सरांनी काकूंच्या पर्समधली टाल्कम पावडरची डबी मागून घेतली आणि आतल्या पत्र्यावर सगळीकडे हलकी भुरभुरली. पाण्याचा एक थेंब जरी त्यावरून गेला तरी त्याची वाट दिसते.

दुसरं काम, रबर कुठे टेकते आणि कुठे टेकत नाही हे बघायचं. त्यासाठी खडू. मी पांढरा खडू उचलला. सर म्हणाले, “गाडी कोणत्या रंगाची आहे?” पांढऱ्या पत्र्यावर पांढरी खूण काय दिसणार? डबीत निळा खडू होता, हृदयाची आकृती काढताना अशुद्ध रक्ताला वापरायचे तो. निळ्या खडूने सगळी रबर रंगवली, डिकी नेहमीसारखी लावली, उघडली. दाराच्या आतल्या पत्र्यावर निळी रेघ उमटली. वर सलग, उजवीकडे सलग, आणि डावीकडे खाली जवळजवळ वीतभर जागेत रेघच नाही. तिथे रबर दाराला शिवतच नव्हती.

तेव्हा सरांना आठवलं, की आदल्या वर्षी सिग्नलला एका दुचाकीने मागून हलकासा धक्का दिला होता. रंगाला ओरखडा पडला होता, तो पुसून घेतला होता. पत्रा मात्र किंचित आत गेला होता. डोळ्याला न दिसण्याइतका, पण रबरेला सोडून जाण्याइतका. मी रबरेवर बोट फिरवलं. त्या वीतभर जागेत आतल्या बाजूला काळी काजळी होती. नवीन रबर लावून महिनाही झाला नव्हता.

खरं तर धुळेकरांना याला खडूही लागत नाही. आपल्या गावाच्या नावातच धूळ आहे. उन्हाळ्यात एकदा गोंदूरच्या बाजूला चक्कर मारून या आणि डिकी उघडा. जिथे फट असेल तिथे आतल्या पांढऱ्या पत्र्यावर धुळीची पिसाऱ्यासारखी रेघ दिसते. ती खूण प्रत्येक उन्हाळ्यात माझ्या डोळ्यांसमोरून जायची आणि मी ती फडक्याने पुसून टाकायचो.

तिसरं काम पाण्याचं. इथे सगळे जण एक चूक करतात. पाइप घेतात आणि छतावरून धो धो सोडतात. मग पाणी सगळीकडून आत येतं आणि काहीच कळत नाही. पाणी खालून वर न्यायचं. आधी खालची कड भिजवायची, पाच मिनिटं थांबायचं. मग लॅम्प, पाच मिनिटं. मग काचेची खालची कड. मग बाजू. सगळ्यात शेवटी छत आणि बिजागऱ्या. जिथे पोचल्यावर आत पाणी दिसेल तिथे चोर आहे, कारण त्याच्या खालचं सगळं तुम्ही आधीच तपासलेलं असतं. प्रेशरचा फवारा वापरायचा नाही. पाऊस तसा पडत नाही, आणि चांगल्या रबरेतूनही फवारा आत घुसतो. नळाला पाणी नसलं तरी अडत नाही. आम्ही एक बादली आणि एक तांब्या एवढ्यावर सगळं केलं.

माझ्याकडचा पोरगा टॉर्च घेऊन आत बसला. मागची सीट पाडली आणि डिकी बंद केली. खालून तांब्या ओतला. थोडे थेंब डावीकडच्या त्या फटीतून आले, पण चार-पाचच. तेवढ्याने तांब्याभर पाणी साचत नाही. लॅम्प कोरडे. काच कोरडी. मी म्हणालो, “सर, एवढंच आहे बहुतेक.” सर म्हणाले, “थांब. वर अजून गेलो नाही आपण.”

उजव्या बिजागरीच्या वर, छताच्या कडेला, मी तांब्या धरला. एक मिनिट काही नाही. दोन मिनिटं काही नाही. मी हात खाली घेणार, तोच आतून पोरगा ओरडला, “उस्ताद, पानी उनं!”

आम्ही डिकी उघडली. पावडरीवर वाट स्वच्छ दिसत होती. पाणी उजवीकडे वर शिरत होतं, खांबाच्या पोकळीतून खाली उतरत होतं, चाकाच्या कमानीवरून घसरून स्टेपनीच्या खड्ड्यात जात होतं. मग मला डाग डावीकडे का दिसला? कारण सरांच्या दारापुढचा उतार डावीकडे आहे. रात्रभर गाडी तशी उभी, पाणी डावीकडे जमा. मी दोनदा डावीकडे सिलिकॉन फासत होतो आणि भोक उजवीकडे छताला होतं.

पाणी वर कसं थांबतं, आडवं कसं जातं, हे सरांनी तिथेच सांगितलं. बशीत चहा ओतताना बघा. हळू ओतला की चहा बशीत न पडता कपाच्या अंगावरून ओघळून बुडाखाली जातो. पाणी पत्र्याला तसंच धरून चालतं. आणि दोन पत्र्यांमधली बारीक फट असेल तर केशाकर्षणाने ते थोडं वरही चढतं. काचेच्या बारीक नळीचा तो प्रयोग आपल्याला होता. माझ्या वहीत त्याचं निरीक्षण आहे. अक्षर माझं, डोळे प्राध्यापकांचे.

आता दुरुस्ती. जुन्या गाड्यांत छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे जोडला जातो, तिथे एक सांधा असतो आणि त्यात कारखान्यात भरलेला सीलंट असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. अशी वीस उन्हं खाल्ली की तो सीलंट वाळतो, आकसतो, त्याला केसासारखी चीर पडते. सरांच्या गाडीत बिजागरीजवळ वीतभर चीर होती आणि खाली गंज धरला होता. त्यावर माझं सिलिकॉन लागलेलं होतं. मला वाटायचं मी चीर बुजवली. मी फक्त झाकली होती, आणि आत गेलेलं पाणी बाहेर यायची वाटही बंद केली होती.

सिलिकॉनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते वाळताना आम्ल सोडतं. उघड्या लोखंडावर लावलं तर गंज वाढवतं. शिवाय त्याच्यावर रंग धरत नाही आणि दुसरा सीलंटही चिकटत नाही. त्यामुळे मला आधी माझीच घाण ब्लेडने खरवडून काढावी लागली. त्याला सगळ्यात जास्त वेळ गेला.

मग बिजागरीच्या बोल्टांभोवती खूण करून बिजागऱ्या सोडल्या. खूण केली नाही तर दार परत जागेवर बसत नाही. दार धरायला दुसरा माणूस लागतो, एकट्याने करायचं काम नाही. गंज घासून स्वच्छ पत्रा काढला, प्रायमर मारला, वाळू दिला, आणि सांध्यासाठी असलेला पीयू सीलंट भरला. बिजागरीच्या खालीही थर दिला, कारण बोल्टाच्या भोकातूनही पाणी शिरतं. एक दिवस हात लावला नाही. मग रंग.

डावीकडे डेंटरने आत गेलेला पत्रा ओढून घेतला. कुलपाचा खालचा कडा थोडा सरकवला, बाजूचे रबरी गुट्टे जुळवले. परत निळा खडू, परत डिकी लावली. तीनदा केलं तेव्हा कुठे रेघ सलग आली. कागदानेही तपासता येतं. वहीच्या कागदाची पट्टी दारात अडकवून ओढायची. सगळीकडे सारखी ताणून निघाली पाहिजे. जिथे सहज सुटते तिथे फट.

आणि मी कापलेली ती रबर काढून टाकली. रबर कधी ओढून बसवायची नाही आणि तंतोतंत कापायची नाही. ओढलेली रबर काही दिवसांत आकसते आणि कोपरे सोडते. उलट थोडी दाबत, ठोकत, जास्तीची लांबी सामावून घेत बसवायची. जोड खाली, मध्यभागी आणायचा. मी तो वर आणला होता, म्हणजे पावसाला दारच उघडून दिलं होतं.

शेवटी गाडी चालू करून सायलेन्सर तपासला. मागच्या जोडातून फुसफुस आवाज येत होता. तोही बदलला. स्टेपनीच्या खड्ड्यातलं रबरी बूच जागेवर आहे ना, ते पाहिलं. पाणी साचतं म्हणून काही जण ते बूच काढून टाकतात. आमच्या धंद्यातलेच काही जण तो सल्ला देतात. तसं करू नका. पाणी जातं, पण रस्त्यावरचा चिखल आणि धूर त्याच वाटेने आत येतो.

नमदा आणि कार्पेट श्रावणातल्या उन्हात दोन दिवस पडून होतं. ओलं कार्पेट परत टाकलं तर सगळं काम वाया, खालून पत्रा सडतो आणि वास जात नाही. मग सरांच्या समोर, खालून वर, परत बादलीभर पाणी घातलं. आत पोरगा टॉर्च घेऊन अर्धा तास बसला. पावडर जशीच्या तशी.

पैशांचं विचारलं तर मी म्हणालो, “राहू द्या सर.” सर म्हणाले, “नाही. आज काम झालं आहे, आजचे पैसे घे. मागच्या दोन वेळचे परत कर. तेव्हा झालं नव्हतं.” मी गल्ल्यातून काढून दिले. त्यांनी मोजून घेतले, आणि आजचे मोजून दिले. गाडीत बसताना एवढंच म्हणाले, “आता पाहिलंस ना?”

सर, तुम्हाला माहीत होतं. दुसऱ्या वेळी मी ‘पाहिलं’ म्हणालो तेव्हाही माहीत होतं, नववीतही माहीत होतं. तुम्ही दोन्ही वेळा काही बोलला नाहीत. पण नववीत तुम्ही वही परत दिलीत, आणि या वेळी माझ्याबरोबर बादली घेऊन बसलात. मी खोटं बोललो होतो सर. आज सगळ्यांसमोर सांगतो आणि माफी मागतो. काकू, तुमचीही. नाशिकच्या रस्त्यावर तुम्ही पाठीमागचा धूर घेत गेलात, त्यातल्या एका महिन्याचा तरी हिशोब माझ्याकडे आहे.

त्यानंतरच्या महिन्यात सरांचा फोन आला होता. इंजिनबद्दल काहीतरी विचारायला. शेवटी म्हणाले, “चांदवडला चहा प्यायलो. काकू झोपून गेली होती, उठवावं लागलं.” बस, तेवढंच. मी फोन ठेवला आणि थोडा वेळ गॅरेजच्या बाहेर येऊन उभा राहिलो.

त्या दिवसापासून माझ्या गॅरेजमध्ये एक वही आहे. गाडी कोणती, तक्रार काय, काय केलं, आणि चौथा रकाना निरीक्षण. पाणी किती वेळ मारलं, आत कोण बसलं होतं, काय दिसलं. तो रकाना रिकामा असेल तर गाडी गेटच्या बाहेर जात नाही. पोरं कुरकुर करतात, “उस्ताद, यानं टाइम जास.” जातो. खरंच जातो. पण परत आलेली गाडी त्याहून जास्त वेळ खाते.

आता तुमच्यासाठी दोन गोष्टी, मग बसतो. एक, डिकी उघडी ठेवून, दोरीने बांधून गाडी चालवू नका. आपल्या भागात गव्हाची पोती, केळीचे घड, लग्नातली भांडी अशीच नेतात. धूर सरळ आत येतो, आणि मागच्या सीटवर लेकरं झोपलेली असतात. नाइलाजच असेल तर सगळ्या काचा पूर्ण उघड्या ठेवा आणि अंतर थोडंच असू द्या. दोन, लांबच्या प्रवासात गाडीत बसलं की कुणाचं डोकं दुखत असेल आणि उतरल्यावर बरं वाटत असेल, तर गोळी देऊन गप्प बसवू नका. माणसाला डॉक्टरांकडे न्या, आणि गाडी आमच्यासारख्याकडे.

मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, आपल्या बॅचमधल्या कुणाचीही जुनी गाडी घेऊन या. तपासणीचे पैसे घेणार नाही. फक्त दोन तास वेळ काढून यायचं आणि स्वतः समोर बसायचं. येताना खडू आणा. गाडी पांढरी असेल तर निळा.

दहा मिनिटांची वीस झाली, सूत्रसंचालक घड्याळ दाखवतायत.